हाकपेटी

सोनाळव्याच्या उंदरांना मोटारींची चटक लागली ती गाड्या विजेवर चालायला लागल्यावर. त्याआधी बिचारे भाताच्या कणगीत नाहीतर माळ्यावर असायचे, फार तर ट्रॅक्टरच्या सीटमधला काथ्या कुरतडायचे. पण पेट्रोल-डिझेलचे दिवस सरले, तारांवरचं जुनं प्लॅस्टिक बंद होऊन मक्या-सोयाबीनपासून केलेलं प्लॅस्टिक सक्तीचं झालं, आणि थंडीत बॅटरी गारठू नये म्हणून गाडी उभ्याउभ्याच स्वतःला ऊब द्यायला शिकली. आता तुम्हीच सांगा, ऐन थंडीत उबदार खोली आणि वर खोलीच्या भिंतीसुद्धा खायच्या, असं घर कोण सोडेल? भाताची कापणी झाली की रानातले उंदीर सरळ गाड्यांच्या पोटात मुक्कामाला येऊ लागले.

सोनाळवे म्हणजे आजऱ्याच्या पुढं, हिरण्यकेशीच्या काठावरचं, घनसाळ तांदळाच्या वासाचं गाव. तिथल्या दवाखान्याची एक गाडी होती. डोंगरातल्या धनगरवाड्यांवरच्या दिवस भरलेल्या बायकांना खाली आणायची, म्हणून सगळे तिला माहेरगाडी म्हणत. गाडी चालवायचा संग्राम होलम, आणि तिच्या तारा-बॅटऱ्या बघायची त्याची बायको धनश्री. पुण्यात ध्वनियंत्रांवर काम करून आलेली इंजिनिअर, आणि हुशार एवढी की मोटारीचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायची. दोघं एकटी असली की अरे-तुरे चालायचं. संग्रामची आई मालनबाई समोर आली की मात्र धनश्रीच्या तोंडी लगेच अहो-जाहो. सासूला ती तिकडच्या पद्धतीनं आत्ती म्हणायची.

आदल्या सालच्या पौषात ही माहेरगाडी घाटात बंद पडली. आत कळा सुरू झालेली बाई, आणि बॅटरीच्या पंख्याची तार कुरतडून तुटलेली. शेवटी बाईला घोंगड्याच्या झोळीत घालून माणसांनी खाली आणलं. मायलेकरू वाचलं, पण ते निव्वळ नशिबानं, हे संग्रामला पक्कं ठाऊक होतं. पुढं कितीतरी दिवस त्याला धड जेवण गेलं नाही. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनीही स्पष्टच सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर वरचे लोक गाडी काढून घेतील आणि वाड्यांच्या नशिबी पुन्हा झोळीच येईल.

विष घालून बघितलं होतं. उंदीर मेला तो नेमका गाडीच्या पत्र्याआड, आणि त्या वासानं गरोदर बायका ओकून बेजार झाल्या. विष खाऊन झिंगलेला दुसरा उंदीर आत्तींच्या मांजरीनं धरला आणि तीही गेली. आत्तींना विषाचा तसाही तिटकारा होता. त्या भागात गणपतीच्या दिवसांत उंदरी साजरी होते. घरोघरी मटणाचा बेत, आणि एक पान उंदराच्या नावानं, बाबा रे पिकाला दात लावू नकोस म्हणून. ज्याला पान वाढायचं त्याला विष कसं घालायचं, असा आत्तींचा सवाल. होलमांच्या घरात उंदीर पिंजऱ्यात सापडला की तो नदीपल्याड नेऊन सोडायचा, ही रीत. अलीकडं सोडला तर वाट काढत परत येतो, पाणी ओलांडून येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

धनश्रीनं मग वेगळीच वाट धरली. तिनं उंदरांचं बोलणं ऐकायला घेतलं. उंदीर बोलतात, आणि भरपूर बोलतात. आपल्याला जे चूंचूं ऐकू येतं ते त्यातलं अगदी थोडं. आपला कान जिथं थकतो त्याच्या तिप्पट उंच पट्टीत त्यांचा खरा कारभार चालतो. तिनं एक मायक्रोफोन बनवला, जो ती पट्टी खाली उतरवून माणसाच्या कानाला ऐकवायचा. पहिल्यांदा तो माहेरगाडीच्या बोनेटला लावला तेव्हा आतून बारीक बारीक शिट्ट्यांचा असा गलका आला, की संग्राम दोन पावलं मागं सरला.

त्या शिट्ट्या पिल्लांच्या होत्या. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा उघडंवाघडं असतं, डोळे मिटलेले असतात. घरट्याबाहेर पडलं, गार लागलं, की ते शिट्टी मारतं, आणि आई असेल तिथून धावत येऊन त्याला तोंडात उचलून घरट्यात नेते. यातली खरी गंमत पुढं आहे. पोर न झालेल्या उंदरिणीला त्या शिट्टीचं काहीच वाटत नाही. ती व्याली, की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक तिच्या मेंदूत काम करतं. बाईला पान्हा फुटतो त्यामागंही तेच असतं. मग तीच शिट्टी तिला सोसवत नाही. समोर धान्याची रास असो की मांजर असो, ती उठते आणि जाते.

धनश्रीनं ती शिट्टी बनवली. डबाभर जागेत मावेल असा भोंगा, पुढं आत उघडणारं आणि बाहेर न उघडणारं दार, खाली पिंजर, म्हणजे भाताचं मऊ काड. ही हाकपेटी तिनं गाडीशेजारी ठेवली आणि सकाळी बघितलं तर आत चार उंदरिणी, पिंजरात नाक खुपसून हरवलेलं पोर शोधतायत. ना विष, ना चिकटपट्टी, ना रक्त. व्यायलेल्याच उंदरिणी गेल्या की पुढची पैदासच थांबणार. गाडीत राहिलेल्या पिल्लांचा विचार तिनं केला नव्हता असं नाही. उंदरिणी एका घरट्यात मिळून वितात, एकीची पोरं दुसरी पाजते, हे तिनं वाचलं होतं. तेव्हा चार गेल्या तर मागं राहिलेल्या बघतील, असं तिनं गृहीत धरलं आणि ती पुढच्या कामाला लागली.

आणि काम झालंच. पेटीला जोडलेला मायक्रोफोन तिची स्वतःची शिट्टी वगळून पिल्लांच्या शिट्ट्या मोजायचा आणि आकडा मोबाईलवर दाखवायचा. पेटी ठेवली की पहिले दोन-तीन दिवस तो आकडा चढायचा, मग झपाट्यानं उतरायचा, मग शून्य. शून्य आलं की गाडी साफ. ती सगळी थंडी माहेरगाडी एकदाही अडली नाही. संग्राम चहाच्या टपरीवर बायकोचं कौतुक सांगताना थकत नव्हता, आणि एरवी हा माणूस तोंडातून शब्द काढायला कंजूष. ट्रॅक्टरवाले आले, पिठाची गिरणीवाला आला, शाळेची व्हॅन आली. बचत गटाच्या बायका पेट्या जोडायला शिकल्या. संक्रांतीला तर आत्तींनी कमालच केली. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नि गाळण्या न देता घरटी एक हाकपेटी दिली. गाव हरखून गेलं. बायका एकमेकींना मोबाईलवर आपापलं शून्य दाखवायला लागल्या, आणि रोज सकाळी पेट्या घेऊन बंधाऱ्याकडं निघालेल्या माणसांची वर्दळ सुरू झाली. पेट्या रिकाम्या व्हायच्या त्या अर्थातच नदीपल्याड. पुण्याच्या एका कंपनीनं पेटी बनवायची तयारी दाखवली, आणि रथसप्तमीनंतर दवाखान्याच्या अंगणात कार्यक्रम ठरला.

कार्यक्रमाच्या आधल्या आठवड्यात, कोवळ्या उन्हाच्या वेळी, धनश्री गाडीच्या शेडमध्ये मीटर घेऊन बसली होती. बंधाऱ्याच्या बाजूनं एक उंदरीण आली. शेपूट अर्धी तुटलेली. धनश्रीनं तिला लगेच ओळखलं, कारण दोन दिवसांपूर्वी सकाळी तिनंच या लांडीला पल्याड सोडलं होतं. नदीला पाणी होतं, पण बंधाऱ्यात बरगे घातलेले होते, म्हणजे पाणी अडवायला खांबांमधून बसवतात त्या फळ्या. त्यांच्या ओल्या कडेवरून ही एवढीशी जात चालत आली असणार. अंगाला चिखल, एक पाय उचलून धरलेला. वाटेत तांदळाचे दाणे सांडले होते, त्यांना तिनं हुंगलंसुद्धा नाही. चाकावरून चढून ती गाडीच्या पोटात दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं ती बाहेर आली, तोंडात पिल्लू. भिंतीच्या कडेला ठेवलं, परत गेली, दुसरं आणलं. मग तिसरं. धनश्री हळूच वाकली. पिल्लं मेलेली होती. तिनं मोबाईल बघितला. गाडीचा आकडा शून्य होता, कालपासून शून्य होता, आणि काल संध्याकाळी तोच आकडा तिनं डॉक्टरीणबाईंना मोठ्या कौतुकानं दाखवला होता. पाजायला मागं कुणी उरलंच नव्हतं. पेटीनं एकीलाच बोलावलं नव्हतं, जी जी व्याली होती तिला तिला बोलावलं होतं. मग पोरांनी सगळा जीव एकवटून शिट्ट्या मारल्या, तो चढलेला आकडा, आणि मग ती गप्प झाली.

लांडी शेवटच्या खेपेला बाहेर आली तेव्हा तोंडातलं पिल्लू वळवळत होतं. मायक्रोफोनमध्ये एक बारीक, तुटकी शिट्टी उमटली. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. ते वाटणं पुरतं व्हायच्या आत लांडी थबकली. कोपऱ्यातली हाकपेटी चालूच होती. खऱ्या पोरापेक्षा मोठ्यानं, न थकता, न मरता शिट्टी मारत होती. लांडीनं तोंडातलं जिवंत पिल्लू खाली ठेवलं आणि लंगडत पेटीकडं निघाली.

धनश्रीनं धावत जाऊन पेटीची तार उपटली. लांडी अर्ध्या वाटेत थांबली, कान हलवले, आणि वळून आपल्या पोराकडं गेली. धनश्री तिथंच जमिनीवर बसली. आपल्याला हे सगळं ठाऊक होतं, त्या शिट्टीपुढं आईचं काही चालत नाही हेच तर आपण वापरलं, याची तिला लाज वाटली.

दुपारी जेवताना तिनं घरात सांगितलं. पेट्या बंद करायच्या, कार्यक्रमात सगळ्यांसमोर खरं सांगायचं. संग्राम ताट सारून उठला. रागावणं बरोबरच होतं त्याचं. पेट्या बंद झाल्या की तारा पुन्हा कुरतडल्या जाणार, गाडी पुन्हा अडणार, आणि गाडी एकदा गेली की वाड्यांवरच्या बायकांचं काय, हे त्यानं तिला एकेक करून विचारलं. उंदराच्या पोरांसाठी माणसांची पोरं पणाला लावायची का, असंही विचारलं.

"घाटात तू नव्हतीस, धनश्री," शेवटी तो म्हणाला. आईसमोर बायकोला नावानं हाक मारायची नाही, हेसुद्धा तो विसरला. "झोळीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. मला पेटी पाहिजे."

आत्तींनी एवढंच विचारलं, की आपण पल्याड सोडल्या त्या सगळ्या लेकुरवाळ्या होत्या का. धनश्रीनं हो म्हटलं. आत्तींनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि चपला घालून निघाल्या.

आणि मग सोनाळव्यानं कधी न पाहिलेलं पाहिलं. दिलेलं वाण परत मागत फिरणारी बाई. ज्या गावात वाण म्हणून दिलेली वाटी चुकून परत आली तरी अपशकुन मानतात, तिथं मालनबाई होलम दारोदार उभी राहिली. कुणी तोंडावर हसलं, कुणी हळदीकुंकवाचा अपमान झाला म्हणून दार लावलं, कुणी सुनावलं, की आम्ही पुण्य म्हणून नदीपल्याड खेपा घातल्या आणि आता तुझी सून आम्हाला खुनी ठरवते काय. आत्तींनी एकीलाही उलट उत्तर दिलं नाही.

"वाण परत मागाय आलोय," त्या प्रत्येक उंबऱ्यावर म्हणायच्या. "पाप लागायचं ते मला लागूदे. पेटी तेवढी दे."

बहुतेकींनी दिल्या. काहींनी नाही दिल्या, त्यांच्याकडं त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. खरं सांगायचं तर धनश्रीनं पेटी बनवली त्यापेक्षा हे काम अवघड होतं, आणि ते धनश्रीनंच सगळ्यांना सांगितलं. कार्यक्रमात ती उभी राहिली, शून्याचा अर्थ काय ते तिनं काहीही न झाकता सांगितला, आणि कंपनीची माणसं चहा पिऊन सभ्यपणे निघून गेली.

ती स्वस्थ बसली मात्र नाही. बोलावणारी पेटी बाजूला ठेवून तिनं ऐकणारं यंत्र पुरं केलं. आपण आवाजाची दिशा ओळखतो ती दोन कानांमुळं. आवाज एका कानाला अंमळ आधी पोचतो, दुसऱ्याला अंमळ उशिरा, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू जागा सांगतो. तिनं गाडीत असे तीन कान बसवले. खरी पिल्लं खरी शिट्टी मारू लागली, की पडद्यावरच्या गाडीच्या चित्रात नेमक्या त्या जागी तांबडा ठिपका पेटायचा. मग पत्रा उघडायचा, घरटं हलक्या हातानं उचलून पिंजर घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवायचं, खोकं शेडच्या भिंतीला लावायचं. दुपारपर्यंत आई येऊन एकेक पोर उचलून बांधाकडं घेऊन जायची. न चुकता यायची. माणसाच्या हाताचा वास लागला तरी यायची.

पण हे रोज, गाडी निघायच्या आधी, हातानं करायचं काम. खरं तर ते ड्रायव्हरचं. संग्रामनं साफ नकार दिला.

"मी ड्रायव्हर आहे," तो म्हणाला. "उंदरांची सुईण नव्हे."

मग रोज सकाळी धनश्रीच करायची. तो बाजूला उभा राहून टायर बघायचा, काच पुसायचा, घड्याळ बघायचा. दोघांमध्ये कामापुरतं बोलणं उरलं होतं. आत्ती मध्ये पडल्या नाहीत. दवाखान्यात गाडीबद्दल कुजबुज सुरू झाली होती, आणि गाडी अडली तर दोष कुणावर येणार हे धनश्रीला पुरतं माहीत होतं.

फाल्गुनात एका सकाळी वरच्या धनगरवाड्यावरून फोन आला. भागू झोरे नावाची पोरगी, पहिलटकरीण, पाणी गेलं होतं. संग्राम धावत येऊन गाडीत बसला, चावी फिरवणार, तेवढ्यात चित्रावर तांबडा ठिपका पेटला. पंख्याच्या अगदी मागं. गाडी सुरू झाली की पहिल्यांदा फिरणार तो हाच पंखा.

धनश्री शेडच्या दारात उभी होती. तिला ठिपका दिसला, आणि मायक्रोफोनमधून शिट्ट्याही ऐकू येत होत्या. डोंगरावरची बाईही तिला दिसत होती.

"सुरू कर," ती म्हणाली. "ती बाई थांबलीय. जा तू."

हे म्हणताना तिचा आवाज कापला नाही, याचं तिला पुढं कितीतरी दिवस नवल वाटत होतं. इतक्या दिवसांचं सगळं, आत्तींचं दारोदार हिंडणं, कार्यक्रमातली शरम, सगळं तिनं त्या एका शब्दात सोडून दिलं होतं. आणि ते मनापासून सोडलं होतं.

संग्रामनं तिच्याकडं बघितलं. मग चावी काढून खिशात टाकली, खाली उतरला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरला. धनश्री नको म्हणत राहिली, त्यानं ऐकलं नाही. ती रोज कसं करते ते तो टायर बघताबघता रोज बघत होता, हे तिला तेव्हा कळलं. त्यानं पत्रा उतरवला, दोन्ही पंजे आत घातले आणि कापसाच्या, सीटच्या चिंध्यांच्या घरट्यासकट पिल्लं बाहेर काढली. तांबूस, बोटाच्या पेराएवढी, शिट्ट्या मारणारी. ती त्यानं तिच्या ओंजळीत दिली आणि परत आत वाकला, पत्रा लावायला.

तसाच थांबला. मग त्यानं तिला हाक मारली.

घरट्यानं झाकलेली पंख्याची तार उघडी पडली होती. वरचं प्लॅस्टिक खाऊन फस्त, तांब्याचे बरेचसे धागे तुटलेले, दोन-तीन धाग्यांवर सगळा कारभार. गाडी सुरू झाली असती, फाट्यापर्यंत गेलीही असती, आणि घाटात बरोबर त्याच जागी बसली असती. संग्रामच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. धनश्रीनं पिल्लं खोक्यात ठेवली, नवा तुकडा जोडला, पट्टी गुंडाळली, पंखा फिरवून बघितला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं.

पुढचं आधीच सांगून टाकावं, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. भागू झोरे वेळेत खाली आली, आणि दुपारी गडहिंग्लजला सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली टणटणीत. माहेरगाडी पुढंही सोनाळव्यातच राहिली.

पण त्या सकाळी हे काही कुणाला माहीत नव्हतं. संग्रामनं गाडी काढली, शेडच्या बाहेर वळवली, आणि फाटकापाशी नेऊन करकचून थांबवली. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्यांच्यावर पिंजर घाल," तो ओरडला. "वारं गार आहे."

गाडी घाटाच्या रस्त्याला लागली. धनश्रीनं पिंजराची एक मूठ आणली, हातानं चुरून मऊ केली, आणि पोरांच्या अंगावर पसरली.